ग्वाक बाईंना काहीच दुःख नव्हतं

राणीवशाची मुख्य मानकरीण म्हणजे केवढं प्रस्थ असतं, हे आमच्या गल्लीत रंगवून रंगवून सांगितलं जाई. ग्वाक बाई म्हणजे अर्धी राणीच, असं लोकांना वाटे. मंत्री त्यांना पाहून टोपी सावरतात, राजवैद्य वाट सोडतात, त्यांचा शब्द म्हणजे महाराणींचा शब्द, वगैरे वगैरे. हे सगळं खरंच होतं. पण मी रोज त्यांच्या अंगणात पाणी भरत होते, त्यामुळे उरलेलं मला माहीत होतं. त्या मोठेपणातला बराचसा भाग म्हणजे महाराणींचं भांडं.

महाराणी ज्या भांड्यावर बसत, त्यातल्या ऐवजाला राजवाड्यात 'फूल' म्हणत. नाव घ्यायची सोय नव्हती, कारण राजघराण्यातली माणसं आपल्यासारखी परसाकडे जात नाहीत. ते फूल लाल रेशमी रुमालाखाली झाकून वैद्यांकडे जाई. वैद्य ते निरखत, हुंगत, आणि महाराणींची प्रकृती कशी आहे ते सांगत. भांडं उचलायला दुसरी बाई होती. रुमाल नीट पडला की नाही, हे पाहण्याचा मान ग्वाक बाईंचा. तो मिळवता मिळवता त्यांचे केस पिकले होते आणि वाटेत दोघीतिघींचे पाय ओढून झाले होते. "आज फूल उत्तम आहे," असं वैद्य म्हणाले की बाई दिवसभर अशा मिरवत, की जसं काही त्यांनीच खतपाणी घालून वाढवलं होतं.

मी तिथली पाणी भरणारी. कमरेला लाकडी बिल्ला बांधून सकाळी आत जायचं, विहिरीवरून हांडे वाहायचे आणि दिवे लागायच्या आत घरी यायचं. घरी नवरा होता, तो दारू प्यायचा. चार पोरं होती, ती भांडायची. नाव विचारलं कुणी तर थोरल्याच्या नावाने चिलसोकची आई. राजवाड्यातल्या बायका माझ्याकडे नाक मुरडून पाहत, कारण मला नवरा होता. आणि मी त्यांच्याकडे पाहून मनात हसत असे, कारण त्यांचं लग्न झालेलं असायचं आणि नवरा मात्र नसायचा.

ही थट्टा नव्हे. मुलगी पाच-सहा वर्षांची असताना आत आणतात. ती वयात येऊन तयार झाली की तिचं लग्न लावतात. नवरीचा शालू, डोक्यावर मुकुट, माहेरहून आलेल्या तांदळाच्या वड्या, दारू, फळं, सगळं असतं. फक्त नवरा नसतो. नवरा म्हणजे राजा, असं समजायचं, आणि राजाला त्या मुलीचं नावसुद्धा ठाऊक नसतं. लग्नानंतर मुलगी पुन्हा आपल्या खोलीत जाऊन शिवण हातात घेते. ग्वाक बाईंचंही असंच लग्न झालं होतं. त्या लग्नाचं वर्णन त्या इतक्या कौतुकाने करत, की एकदा मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाई, आणि नवरा घोरायचा का हो?" त्या दिवशी मला जेवण मिळालं नाही. पण विचारल्याचं समाधान मिळालं.

भांगावर चांदीचा बेडूक, म्हणजे त्यांच्या मानाचा दागिना, खोचलेला, हिरवा झगा जमिनीवरून लोळतोय, मान ताठ, अशा ग्वाक बाई चालत. वाक्य त्यांचं एकच: "आम्हाला काय कमी आहे?" कुणी मुलगी रडताना दिसली की तिच्यापुढे उभं राहून म्हणायच्या, "रडायला काय झालं? भात मिळतो, रेशीम मिळतं, जमीन खालून तापवलेली मिळते. मी सहाव्या वर्षी आले. मला कधी दुःख झालं नाही." हे इतक्यांदा ऐकलं होतं, की हांडा ओतताना माझ्या तोंडातही ते यायचं.

त्यांना हे शिकवलं कसं असणार, ते दुसऱ्या पोरींवरून मी पाहिलेलं आहे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी नव्या पोरींना अंगणात ओळीने उभं करतात, तोंडावर फडकं बांधतात आणि राजवाड्यातले खोजे पेटते पलिते घेऊन त्यांच्या तोंडाजवळ नाचवतात. "बोलशील? बाहेर काही बोलशील?" पोरी थरथरतात. ही आपली हसण्यावारी न्यायची रीत आहे, असं मोठ्या बायका म्हणतात. ज्या पोरींना हसू येत नाही, त्या पुढे बोलेनाशा होतात. ज्यांना ती रीत फारच मानवते, त्या मुख्य मानकरीण होतात.

आता ओकदानबद्दल सांगते. ही ग्वाक बाईंनी वाढवलेली मुलगी. आत नव्या आलेल्या पोरीला एखाद्या जाणत्या बाईच्या खोलीत देतात, तिथेच ती झोपते, शिकते, मोठी होते. ओकदानचे वडील गेले, घरात दाणा नव्हता, म्हणून आईने तिला दिली. आता ती एकोणीस वर्षांची होती. बाईंचे पाय चेपणं, केसांत तेल घालणं, थंडीत अंथरूण आधी स्वतः निजून ऊबदार करून ठेवणं, हे तिचं काम. बाईंचं तिच्यावर प्रेम होतं. आपलं आपल्या उशीवर असतं तसं.

ओकदानला घरी जायचं होतं. एवढंच. लग्न नको, रेशीम नको, नदीपलीकडच्या गावात आईकडे जायचं. ती हे कुणाला सांगत नसे, पण पाणी ओतताना माझ्या कानाशी सांगे. मीही सांगायची, "बयो, इथून बाहेर पडायचे दोन रस्ते. एक तर मरायला टेकायचं, नाहीतर दुष्काळ पडायला हवा."

आणि त्या वर्षी दुष्काळ पडला.

रोपं लावायची वेळ टळून गेली तरी थेंब नाही. आमच्या राजधानीच्या, हान्यांगच्या ओढ्यात पोरं कोरड्या दगडांवर लंगडी खेळू लागली. मग राजवाड्यात उपाय सुरू झाले. महाराजांनी ताटातल्या वाट्या कमी केल्या. नगराचं दक्षिण दार बंद केलं आणि उत्तरेचं उघडलं, म्हणजे ऊन त्या बाजूने येणार नाही आणि गारवा या बाजूने येईल. आभाळ काही दारातून ये-जा करत नाही, हे माझ्या दारुड्या नवऱ्यालाही कळत होतं. पण मोठ्या टोप्यांखाली वेगळं डोकं असतं. शेवटी त्या टोप्यांनी ठरवलं, की राणीवशात कोंडलेल्या बिननवऱ्याच्या बायकांचे उसासे वर जाऊन साठले आहेत, त्यांनी पाऊस अडवला आहे. काही जणींना सोडून द्या.

ही आमच्या राज्यातली जुनी रीत आहे. पण सोडलेल्या बाईला लग्न करता येत नाही. तिच्याशी लग्न करणाऱ्याला फटके बसतात. म्हणजे आत बसून उसासे टाकले तर पाऊस अडतो आणि बाहेर झोपडीत बसून टाकले तर पडतो. असो. कुणाकुणाला सोडायचं, ते ठरवायचं काम ग्वाक बाईंकडे आलं.

त्या दिवसांत बाईंची कळी खुलली होती. ज्यांना दुःख आहे त्यांना पाठवा, असा हुकूम होता. बाईंनी कुणाला पाठवलं? जिने वाकून नमस्कार करताना एकदा अंग चोरलं होतं तिला. जिचं शिवण महाराणींना आवडू लागलं होतं तिला. जी बाईंच्या चालीची नक्कल करायची तिला. "हिच्या मनात फार दुःख आहे," असं प्रत्येकीबद्दल हळहळून सांगत, आणि ती बिचारी "मला नाही हो दुःख" म्हणून हातापाया पडत असे. सगळ्या राणीवशात बायका दात काढून हसत हिंडू लागल्या, न जाणो आपलं तोंड उतरलेलं दिसायचं.

एकटी ओकदान रडत होती. मुद्दाम, जिथे दिसेल तिथे. ती बाईंच्या पाया पडून म्हणाली, "बाईसाहेब, मला दुःख आहे. मला पाठवा. माझी आई दाराशी येऊन बसलीय."

ती खरंच बसली होती. सोडणार म्हटल्याचं कानावर गेल्यापासून ती म्हातारी गावाहून चालत आली होती आणि पश्चिमेच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसायची. मी जाता-येता निरोप नेई. लेकीला शेवटचं पाहिलं तेव्हा ती एवढीशी होती, म्हणून मी ओकदानच्या पावलाच्या मापाची दोरी तिला नेऊन दिली होती. त्यावर तिने गवताच्या चपला विणल्या. इतक्या लांब चालायचं तर राजवाड्यातली रेशमी पायताणं कशी टिकणार, म्हणाली.

ग्वाक बाईंनी ओकदानला वर उठवलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वेडी आहेस. तुला कसलं दुःख? मी वाढवलीय तुला."

"पण बाईसाहेब..."

"माझ्या हाताखालच्या मुलीला दुःख नसतं. लोक काय म्हणतील मला? जा, पाणी तापव, पाय दुखताहेत."

मी तिथेच हांडा घेऊन उभी होते. मला एवढा संताप आला, की हांडा त्यांच्या डोक्यात घालावा. घातला नाही. त्या डोक्यावर चांदीचा बेडूक होता आणि त्याची किंमत माझ्या चारही पोरांपेक्षा जास्त होती.

ज्यांना पाठवायचं त्या गेल्या. पाऊस आला नाही. म्हटलं, आता टोप्या गप्प बसतील. त्या कसल्या बसतात. त्यांनी सांगितलं, की वरवरचं दुःख बाहेर काढलं, खोलचं आतच राहिलं आहे. जिचं दुःख सगळ्यांत मोठं, तिलाच काढा.

महाराणींनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. उकाड्यामुळे दालनाची दारं वर उचलून टांगली होती. मी धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडत होते आणि जमेल तितकं हळू शिंपडत होते. महाराणी विशीतल्या, गोऱ्या, मनाने वाईट नाहीत. त्यांना फक्त कशातच रस नसे. त्यांनी पंख्याआडून विचारलं, "ग्वाक, आमच्याकडे सगळ्यांत दुःखी कोण आहे?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत ओकदान पुढे आली. न विचारता पुढे यायची तिथे पद्धत नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मी आहे, महाराणी."

सगळ्या बायकांनी एकदम खाली पाहिलं. मला मात्र वाटलं, जमलं पोरीचं. आता ग्वाक बाईंनी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मुलगी घरी गेली असती, बाई आपल्या जागी राहिल्या असत्या, रुमाल आणि भांडं आणि बेडकासकट. एका शब्दात दोघींचं भलं होत होतं.

ग्वाक बाई हसल्या. ते हसू मी विसरणार नाही, तोंडभर होतं आणि डोळ्यांत नव्हतं. "लहान आहे, महाराणी. बोलायचं कळत नाही. सहाव्या वर्षापासून माझ्याकडे आहे. माझ्या हाताखाली वाढलेल्या एकाही मुलीला दुःख नाही, हे मी शपथेवर सांगते."

मागे योम बाई उभ्या होत्या. मानाने दुसऱ्या, वयाने दहा-एक वर्षांनी लहान, आणि गेली कित्येक वर्षं पहिल्या जागेवर डोळा ठेवून असलेल्या. त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "खरं आहे, महाराणी. बाईसाहेबांच्या हाताखाली कुणालाच दुःख नाही. आम्ही सगळ्याच त्यांच्या हाताखाली."

"मग?" महाराणी म्हणाल्या.

"मग त्यांच्या हाताखाली नाही अशी इथे एकच बाई उरते. सगळ्यांच्या आधी आलेली. बाईसाहेब, मी आपली हिशोबाने बोलले हो. माझं चुकलं तर कान धरा."

महाराणींनी पंखा खाली केला. त्यांना पहिल्यांदाच कशात तरी रस वाटलेला मी पाहिला. "ग्वाक," त्यांनी विचारलं, "तुला दुःख आहे?"

'नाही' म्हणावं तर मग दुःखी कोण, हा प्रश्न पुन्हा ओकदानपाशी येणार. नुकतीच घेतलेली शपथ खोटी पडणार. जिला वाढवली ती मुलगी इतकी दुःखी, की आभाळ अडलं, असं चारचौघींत ठरणार. तेही चाललं असतं हो. लाज दोन दिवस वाटते आणि मग माणूस जेवायला बसतं. पण त्या बाईला लाजेपेक्षा काहीही परवडलं असतं. ओकदान त्यांच्याकडे बघत होती, नुसती बघत होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं.

"आहे, महाराणी," त्या म्हणाल्या.

आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की दुसरंच कुणीतरी त्यांच्या आवाजात बोललं होतं. त्या ओठांवर हात ठेवून तशाच राहिल्या. महाराणींनी पंखा वर घेतला. काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बाहेर काढलं. जाणाऱ्या बाईने मानाची वस्तू परत करायची असते. त्यांनी भांगातला बेडूक काढला, त्या जागी केस विरळ झालेले दिसले. योम बाईंनी तो दोन्ही हातांत नम्रपणे घेतला, आणि ग्वाक बाईंनी उंबरा ओलांडायच्या आत आपल्या भांगावर बसवूनही टाकला. ओकदान खांबाआड उभी होती. निरोप द्यायला ती पुढे आली नाही. बाईंनी दोनदा वळून पाहिलं.

बोचकं मला धरायला सांगितलं होतं, म्हणून मी त्यांच्यामागे चालत होते. दाराशी पोचतो न पोचतो तोच आभाळ भरून आलं आणि धो धो कोसळायला लागलं.

काय सांगू तुम्हाला तो प्रकार. दारावरचे शिपाई नाचायला लागले. रस्त्यावरून लोक धावत आले, कुणीतरी ओरडलं, "हीच ती, हिच्याच दुःखाने अडला होता!" मग काय विचारता. बायका बाईंच्या पाया पडू लागल्या. एक म्हातारा भिजत भिजत हात जोडून म्हणाला, "बाई, केवढं मोठं दुःख हो तुमचं. आमची शेतं वाचली." जन्मभर जिने 'आम्हाला काय कमी आहे' म्हणून मिरवलं, तिला अख्खं शहर राज्यातली सगळ्यांत दुःखी बाई म्हणून धन्यवाद देत होतं. मला हसू आवरेना. मी हसलेही, बोचक्यात तोंड लपवून.

गर्दी पांगली तेव्हा बाई तिथेच चिखलात उभ्या होत्या. त्यांच्या अंगावर कधी पाऊस पडलाच नव्हता, कुणी ना कुणी वर काहीतरी धरलेलंच असायचं. भिजल्यावर काय करायचं असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. भिंतीपाशी बसलेली ओकदानची आई उठली. ही कोण, ते तिला माहीत नव्हतं. म्हातारी बाई भिजतेय, एवढंच तिने पाहिलं. आपल्या अंगावरचं गवताचं इरलं काढून तिने ग्वाक बाईंच्या खांद्यांवर घातलं.

"चांगला पाऊस आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आता यापुढे कुणाला सोडणार नाहीत ना हो?"

ग्वाक बाईंनी इरलं छातीशी ओढून घेतलं.

"तुम्ही आतल्याच दिसता. माझी ओकदान आहे आत. तिला ओळखता का? ती पण निघणार होती."

मला वाटलं, आता ही बाई म्हणेल, सुखात आहे हो तुमची मुलगी. तेच वाक्य येणार, याची माझी खात्री होती. बाईंचे ओठ हललेही तसे. पण त्या म्हणाल्या, "निघणार होती. मी जाऊ दिली नाही."

"तुम्ही?"

"मीच ग्वाक."

ओकदानच्या आईने ते ऐकलं. ती ओरडली नाही की रडली नाही. तिने बाईंच्या खांद्यांवरचं इरलं काढून घेतलं, स्वतःच्या अंगावर घातलं, गाठ बांधली. मग कमरेच्या गाठोड्यातून त्या चपला काढून माझ्या हातात दिल्या. "तिला दे. आत घालता यायच्या नाहीत, पण असू देत," म्हणाली, आणि नदीच्या रस्त्याला लागली.

चपला मी पदराखाली धरल्या. ग्वाक बाई त्या पाठमोऱ्या बाईकडे बघत राहिल्या. नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"चिलसोकची आई," त्या म्हणाल्या. त्यांनी मला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नव्हतं. "मला आणली तेव्हा माझी आईपण अशी येऊन बसली असेल का गं दाराशी?"

मला काय ठाऊक. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. टोचून बोलायला माझ्या जिभेवर कितीतरी होतं, वर्षानुवर्षं साठवलेलं. त्यातलं एकही बाहेर येईना.

"चला," मी म्हटलं. "पुढे डबकं आहे. झगा वर धरा आणि पाय उचलून टाका."